सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमबंदी: गोव्याने हा कायदा करावा का?

मांडवीकाठ, पणजी:

राज्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी 2026 च्या जानेवारीत सांगितले की, ऑस्ट्रेलियाच्या धर्तीवर 16 वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांपासून दूर ठेवता येईल का, याचा विचार गोवा सरकार करीत आहे. ऑस्ट्रेलियात हा कायदा 10 डिसेंबर 2025 पासून लागू झाला. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब अशा सेवांनी 16 पेक्षा लहान मुलांची खाती ठेवू नयेत, अशी जबाबदारी त्याने कंपन्यांवर टाकली आहे. ती न पाळणाऱ्या कंपनीला 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला किंवा पालकाला शिक्षा नाही. बातमी आल्यापासून माझ्या ओळखीतले बहुतेक पालक आनंदात आहेत आणि त्यांची काळजी खरी आहे. तरीही गोव्याने हा कायदा करू नये, असे माझे मत आहे.

घटनेच्या कलम 19(1)(अ) ने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य नागरिकाला आहे. त्या कलमात वयाची अट घातलेली नाही. त्यावर बंधन घालायचे तर कारण 19(2) मधल्या यादीतलेच असावे लागते: देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्यास चिथावणी. 'लोकांच्या भल्यासाठी' असे मोघम कारण त्या यादीत मुद्दाम ठेवलेले नाही. मराठी वाचकांना या संदर्भात पुण्याच्या 'सकाळ' दैनिकाचा खटला आठवावा. 1956 चा एक कायदा आणि 1960 चा एक आदेश यांद्वारे वृत्तपत्राने किती पानांना किती किंमत घ्यावी हे सरकारने ठरवून दिले होते, आणि हेतू तर चांगलाच होता: मोठ्या वृत्तपत्रांच्या स्पर्धेत लहान वृत्तपत्रे बुडू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये तो कायदा आणि आदेश रद्द केले. व्यवसायावर सार्वजनिक हितासाठी बंधने घालता येतात, पण व्यवसायाच्या निमित्ताने अभिव्यक्तीवर तीच बंधने आणता येत नाहीत, हे त्या निकालाचे सार आहे. आजही सरकार म्हणेल की आम्ही केवळ कंपन्यांच्या व्यवसायाचे नियमन करतो आहोत. परंतु ज्याचे खाते बंद होईल ते मूल बोलणारा नागरिक आहे.

दुसरी गोष्ट वयपडताळणीची. मूल कोण हे ओळखायचे तर प्रौढ कोण हेही तपासावे लागते, म्हणजे पन्नाशीच्या माणसालाही आपला चेहरा किंवा ओळखपत्र दाखवूनच बोलावे लागेल. डिस्कॉर्ड या कंपनीने 2025 च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले की, तिच्यासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या एका संस्थेतून सुमारे 70,000 वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे उघड झाली असावीत. वयाविषयीच्या तक्रारी सोडवण्यासाठी लोकांनी ती ओळखपत्रे दिलेली होती. गोव्यासारख्या लहान राज्यात, जिथे खाणमालकाविरुद्ध किंवा पंचायतीविरुद्ध लिहिणाऱ्याला सारा गाव ओळखतो, तिथे नाव न सांगता बोलण्याची सोय जाणे ही लहान हानी मानता येणार नाही.

आणि मोलेच्या जंगलासाठी झालेले आंदोलन विसरू नये. 2020 मध्ये, कोविडमुळे रस्त्यावर जमणे शक्य नसताना, भगवान महावीर अभयारण्यातून जाणारा दुपदरी रेल्वेमार्ग, महामार्गाचे रुंदीकरण आणि वीजवाहिनी यांविरुद्ध गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुणांनी आवाज उठवला, तो मुख्यतः इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांवरून. पुढे 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या रेल्वेमार्गाला मिळालेली वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली. जंगल ज्यांच्या वाट्याला सर्वांत जास्त काळ यायचे आहे, त्यांना 16 पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगणे मला पटत नाही.

बंधन हवे ते यंत्रणेवर. न संपणारी रीळ, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, रात्री येणाऱ्या सूचना आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून दाखवलेल्या जाहिराती बंद करायला लावाव्यात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 च्या कलम 9 ने 18 वर्षांखालील मुलांवर अशी पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई केलेलीच आहे. ती कडकपणे अमलात आणावी, अशी मागणी गोव्याने करावी.

---

डिचोलीचा शिक्षक:

मांडवीकाठ यांनी कलमे नीट मांडली आहेत, पण त्यांच्या लेखनात वर्ग कुठेच दिसत नाही. आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलीचा सहलीतला फोटो कोणीतरी विद्रूप करून खोट्या खात्यावरून पसरवला. आम्ही कंपनीकडे तक्रार केली. ठरावीक वाक्यांचे एक उत्तर आले आणि ते येईपर्यंत तो फोटो तालुकाभर फिरला होता. ती मुलगी पुढे कितीतरी दिवस शाळेत आली नाही. तिच्या आईवडिलांना 'सकाळ'चा निकाल काय सांगणार?

मुलांच्या स्वातंत्र्याचा विचार करताना करार कायद्याकडेही पाहावे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 11 नुसार अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच निरर्थक असतो हे 1903 पासून प्रस्थापित आहे. समाजमाध्यमावरचे खाते हा करारच आहे: मूल 'मान्य आहे' असे बटण दाबते आणि आपली छायाचित्रे, आपला वेळ, आपल्या आवडीनिवडी कंपनीच्या हवाली करते. बारा वर्षांच्या मुलाकडून दुकानदाराने असा कागद लिहून घेतला असता तर आपण त्याला जाब विचारला असता. वयाची मर्यादा घालणारा कायदा मुलाचे तोंड बंद करीत नाही, तो कंपनीला हा करार करण्यापासून रोखतो. ऑस्ट्रेलियातही खाते न उघडता जे दिसते ते पाहण्यास मनाई नाही. शिवाय तिथल्या कायद्याने सरकारी ओळखपत्र हाच एकमेव मार्ग ठेवण्यास कंपन्यांना मज्जाव केला आहे, हे मांडवीकाठ यांनी सांगितले नाही.

यंत्रणेवर बंधन घाला असे म्हणणे सोपे आहे. इन्स्टाग्राममुळे काय होते हे त्या कंपनीला बाहेरून कोणी सांगण्याची गरज नव्हती. 2021 मध्ये तिच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर आणलेल्या अंतर्गत कागदपत्रांत नोंद होती की, आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी 32 टक्के मुलींना इन्स्टाग्राममुळे अधिक वाईट वाटले. माहीत असून ज्यांनी यंत्र बदलले नाही, ते दिल्लीतल्या एका कलमामुळे बदलतील यावर माझा विश्वास नाही. एकटा पालक मुलाला 'नाही' म्हणू शकत नाही, कारण वर्गातल्या बाकीच्या सगळ्यांकडे खाते असते. सर्वांना एकदम 'नाही' म्हणणारा नियमच त्याच्या मदतीला येतो.

---

सत्तरीचा वाचक:

पोर्तुगीज राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे. 18 जून 1946 रोजी राममनोहर लोहिया मडगावात सभाबंदी मोडून बोलायला उभे राहिले ते याच मुस्कटदाबीविरुद्ध. त्या भूमीने देशात सर्वांत आधी मुलांची खाती बंद करण्याचा मान मिरवावा, हे मला सहन होत नाही.

---

डिचोलीचा शिक्षक:

सालाझारच्या हुकूमशाहीत गोमंतकीयाला सरकार बदलता येत नव्हते. इथे निवडून आलेले सरकार मुलांच्या काळजीने एक प्रस्ताव मांडते आहे आणि आपण त्यावर उघडपणे टीका करीत आहोत. लोहियांचे नाव या दोन गोष्टी एका पारड्यात घालण्यासाठी वापरू नये.

---

म्हापशाची वकील:

मूळ प्रश्न असा आहे की हा कायदा गोवा विधानसभेला करता येतो का. टपाल, तार, दूरध्वनी, प्रक्षेपण आणि तत्सम दळणवळणाची साधने घटनेच्या संघसूचीतल्या, म्हणजे फक्त संसदेने कायदा करायच्या विषयांच्या यादीतल्या, 31 व्या नोंदीत आहेत, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 हा संसदेचा कायदा आहे. राज्याने खात्यांवर बंदी घातली तर पर्वरीच्या उच्च न्यायालयात पहिला मुद्दा हाच निघेल.

मात्र राज्याचे हात पूर्ण बांधलेले आहेत, असेही म्हणता येत नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांसाठी तमिळनाडूने ओळखपडताळणी सक्तीची केली आणि रात्री 12 ते पहाटे 5 या वेळेत खेळण्यास मनाई केली. मद्रास उच्च न्यायालयाने 2025 च्या जूनमध्ये ते नियम वैध ठरवले, आणि त्यात लोकांच्या आरोग्याचा विचार महत्त्वाचा होता. पण तिथे विषय पैशाच्या खेळाचा होता. बोलणे आणि रमी खेळणे यांना घटनेत एकच संरक्षण नाही, म्हणून तो निकाल जसाच्या तसा इथे लावता येणार नाही.

डिचोलीच्या सरांचा कराराचा मुद्दा या चर्चेतला सर्वांत वजनदार मुद्दा आहे. मांडवीकाठ यांनी त्याला थेट उत्तर द्यावे. आणि त्यांच्या स्वतःच्या भूमिकेत एक भगदाड आहे. ज्या कलम 9 चा त्यांनी आधार घेतला, तेच कलम 18 वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती मागते. मूल कोण हे न ओळखता कंपनी ती संमती कोणाची घेणार? वयपडताळणी त्यांनी समोरच्या दाराने बाहेर काढली आणि मागच्या दाराने आत घेतली.

---

मांडवीकाठ, पणजी:

दोन्ही आक्षेप योग्य आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

अज्ञानाचा करार निरर्थक असतो, याचा अर्थ त्या कराराच्या आधारे कंपनीला मुलाविरुद्ध काहीही मागता येत नाही. तो नियम मुलाच्या रक्षणासाठी आहे. तो जसाच्या तसा लावला तर मुलाने दिलेली संमती शून्य ठरते, मुलाची माहिती वापरण्याचा कंपनीचा हक्क शून्य ठरतो, आणि कंपनीने त्या माहितीतून केलेली कमाई संशयास्पद ठरते. मुलाने बोलू नये असे मात्र त्यातून निघत नाही. वाचनालयात मूल सभासद होते तेव्हा फॉर्मवर पालकाची सही असते, पण पुस्तक मूलच वाचते. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये, वसतिगृहात संध्याकाळी 6 ते रात्री 10 मोबाईल वापरण्यास असलेली मनाई न पाळल्यामुळे बाहेर काढलेल्या विद्यार्थिनीला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ती महाविद्यालयीन विद्यार्थिनी होती, हे मान्य. पण हक्क 18 व्या वाढदिवशी अचानक उगवत नाही.

वयपडताळणीविषयी म्हापशाच्या ताईंनी धरलेले भगदाड खरे आहे, आणि संमतीची ती अट मला पहिल्यापासूनच पटलेली नाही. कलम 9 मधली मला हवी असलेली तरतूद पाळत आणि लक्ष्य जाहिरातींवरच्या मनाईची आहे, आणि ती वय न विचारता अमलात आणण्याचा मार्ग आहे: या गोष्टी सर्वांच्याच खात्यात सुरुवातीपासून बंद ठेवायच्या. ज्याला न संपणारी रीळ हवी असेल त्याने ती स्वतः सुरू करावी. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी 2020 च्या आचारसंहितेत मुलांसाठी खाते आपोआप खासगी असावे, ठिकाण दाखवणे बंद असावे, माहिती देण्यासाठी भरीस घालणारी रचना नसावी, असे मानक घालून दिले आहे. ते मानक सर्वांना लावले तर कोणाचेही ओळखपत्र मागावे लागत नाही. कंपन्यांचे उत्पन्न घटेल, एवढाच त्यातला अडसर आहे, आणि तो मी अडसर मानत नाही.

---

वास्कोची आई:

या चर्चेत शाळेचा वाटा कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते. कोविडच्या काळात वर्ग मोबाईलवर आले. ते वर्ग गेले, पण गृहपाठ मात्र व्हॉट्सॲपच्या गटातच राहिला. माझ्या मुलाच्या हाती रोज संध्याकाळी मोबाईल जातो, कारण वहीत काय उतरवायचे ते त्यात असते. तोच मोबाईल पुढे तासभर त्याच्याकडून सुटत नाही. सरांनी सांगितलेल्या मुलीचा फोटो तालुकाभर फिरला, तो निरोपांच्या गटांतूनच फिरला असावा, असा माझा अंदाज आहे. व्हॉट्सॲप ऑस्ट्रेलियाच्या यादीत नाही. मग गोव्याने तोच कायदा उचलला, तरी त्या मुलीच्या वाट्याला आलेले दुःख त्यातून थांबले असते का?

मी बंदीच्या विरोधात आहे असे नाही. मला एवढेच हवे आहे की, आधी शिक्षण खात्याने मोबाईलवरून गृहपाठ देणे थांबवावे. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही आणि कोणाचे स्वातंत्र्यही जात नाही.

---

डिचोलीचा शिक्षक:

ताई, गृहपाठाबद्दल आपण म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे आणि शिक्षक-पालक संघाच्या पुढच्या बैठकीत मी तो विषय मांडणार आहे. फोटो गटांतून फिरला, हेही खरे. पण त्याची सुरुवात खोट्या खात्यावरून झाली, आणि ते खाते दहावीतल्या एका मुलाने उघडले होते. वयाची मर्यादा असती तर त्याला ते इतके सहज उघडता आले नसते.

मांडवीकाठ यांचा 'सर्वांसाठी सुरुवातीपासून बंद' हा उपाय मला आवडला आहे, आणि तो झाला तर माझी बंदीची मागणी बरीच सौम्य होईल. पण तो कधी होणार? डेटा संरक्षणाचे नियम 2025 च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या पाळण्यासाठी कंपन्यांना 18 महिने दिले गेले, म्हणजे 2027 चा मे उजाडणार. नियम आले तेव्हा आठवीत असलेले मूल तोवर दहावीच्या उंबरठ्यावर असेल. ही मुदत मुलांपुरती कमी करावी, असा ठराव गोवा विधानसभेने केंद्राकडे पाठवावा, आणि राज्याचा जो काही मसुदा असेल तो मराठीत व कोंकणीत लोकांपुढे ठेवून हरकती मागवाव्यात. तेवढे होईपर्यंत बंदीची मागणी मी मागे घेणार नाही.