ग्रेडिंगआधी पिना बघा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालेले वेताळाचे जुने इंद्रजाल कॉमिक्सचे अंक अमेरिकेत सीजीसीकडे (कॉमिक्सची अवस्था तपासून ग्रेड म्हणजे गुण देणारी कंपनी) पाठवावेत का, असं एकाने विचारलंय. माझं मत, सरसकट नको.

सीजीसी 2000 पासून हे काम करते. अंक तपासून 0.5 ते 10 पैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सील करतात. अंक किती रुपयांना जाईल ते मात्र त्या गुणांत लिहिलेलं नसतं. निळं लेबल म्हणजे साधा अंक. जांभळं म्हणजे दुरुस्ती, रंग भरलेला किंवा कडा कापलेल्या. म्हणून पाठवायच्या आधी 'जरा नीटनेटका' करायला जाऊ नका, तिथेच घात होतो!

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. माझ्याकडचा एक अंक वरून अगदी कोरा दिसत होता. मधलं पान उघडलं, तर दोन्ही पिना गंजलेल्या आणि भोवती रुपयाएवढा तपकिरी डाग. वर मुखपृष्ठावर पूर्वीच्या मालकाने बॉलपेनने नाव घातलेलं (शाळकरी अक्षर, खोडावंसंही वाटत नाही). असल्या अंकाला ग्रेड काय मिळणार? जाण्यायेण्याचा खर्चही सुटायचा नाही.

आणि हो, ती डबी हवाबंद नसते. परत आल्यावर फोंड्याच्या दमट माळ्यावर टाकलीत तर गंज चालूच राहील.

ग्रेड केलेला अंक विकत घेत असाल तर लेबलवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघा. डबीतला अंक बदलण्याचे प्रकार 2023 च्या अखेरीस उघड झालेत, तेव्हा कडाही नीट न्याहाळा.