अफगाणिस्तानात सहावीनंतर मुलींची शाळा बंद आहे, अशात नेमकं काय चालू शकतं?

रानपाखरू
पुण्यात एमए करताना वर्गात एक अफगाण मैत्रीण होती, अजून फोन होतो आमचा. तिची धाकटी बहीण गेल्या वर्षी सहावी पास झाली आणि घरी बसली, आई तर शाळेत गेलेलीच नाही, सहीच्या जागी अंगठा. २३ मार्च २०२२ला हायस्कूलं उघडणार म्हणून मुली दप्तरं घेऊन गेल्या होत्या आणि त्याच सकाळी त्यांना परत पाठवलं, मग डिसेंबरात युनिव्हर्सिटी पण बंद. बंदी उठायची तेव्हा उठेल, पण तोवर या मुलींसाठी आणि अशा आयांसाठी खरंच उपयोगी पडलेलं काही आहे का?

फळा_खडू
पहिलं म्हणजे अंतर. घोर प्रांतात २००७च्या सुमारास काही गावांत गावातच वर्ग सुरू केले, आणि जिथे केले तिथे शंभरामागे आणखी ५२ मुली शाळेत जायला लागल्या, मुलगा-मुलगी हा फरक जवळजवळ उरलाच नाही. म्हणजे आईबाप मुलींना शिकवायच्या विरोधात होते असं नाही, लांब पाठवायची भीती होती. सहावीपर्यंत परवानगी आहे, तर निदान ती सहा वर्षं एकही मुलगी सुटता कामा नये.

उंबरठा
बरोबर, पण प्रश्न सहावीनंतरचा आहे ना. १९९०च्या दशकात, तालिबानच्या पहिल्या राजवटीत, सकीना याकूबी या अफगाण शिक्षणकार्यकर्तीने घराघरांत लपून ८० वर्ग चालवले, ३००० मुली शिकल्या. आजही घरात वर्ग भरतात, पण धोका आहे, गावोगावी शाळांसाठी फिरणाऱ्या मतीउल्लाह वेसांना मार्च २०२३मध्ये पकडलं, सात महिने आत होते. म्हणून कळकळीने सांगते, असल्या वर्गांचे फोटो कुणी पाठवले तर कुठेही शेअर करू नका. दुसरं म्हणजे बेगम टीव्ही, मार्च २०२४पासून पॅरिसहून सॅटेलाइटवर सुरू आहे, सातवी ते बारावीचे धडे दारी आणि पश्तो या तिथल्या दोन भाषांत. नेट लागत नाही, डिश पुरे.

साक्षरताताई
आईचं विसरू नका. २००१ ते २०२१मध्ये तिथल्या बायकांची साक्षरता १७ वरून ३० टक्क्यांच्या आसपास आली, म्हणजे दहातल्या सात अजून बाहेरच. मी आमच्या तालुक्यात चार वर्षं प्रौढांचे वर्ग घेतलेत, बायका बाराखडीसाठी येत नाहीत, औषधाची चिठ्ठी वाचता यावी, मुलाचा फोन नंबर लावता यावा म्हणून येतात, तिथूनच सुरू करावं लागतं. आणि तिकडे तर डिसेंबर २०२४मध्ये नर्स आणि सुईणींचं ट्रेनिंगही बंद केलं, त्यामुळे घरातल्या एका बाईला तरी डोस वाचता येणं ही जिवाची गोष्ट आहे. बहिणीलाच आईची शिकवणारी बाई करा, रोज अर्धा तास, मुलीचंही लिहिणं-वाचणं सुटणार नाही.

रानपाखरू
हे शेवटचं डोक्यातच आलं नव्हतं. डिश आहे त्यांच्याकडे, चॅनेल लागतं का ते आज रात्री विचारते, आणि आईला आधी कुठलं अक्षर शिकायचंय तेही.