मुलांच्या भेटीचे वेळापत्रक : आपले अनुभव

मुक्ता :
शाळेकडून दिवाळीच्या सुट्टीची सूचना आली आणि कौटुंबिक न्यायालयातला जुना वाद आठवला. आमच्या अंतरिम आदेशात ‘दिवाळीची निम्मी सुट्टी वडिलांकडे’ एवढेच लिहिले होते. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज कोणत्या निम्म्यात पडतात यावरून दोन्ही वकील न्यायाधीशांसमोर दिनदर्शिका उघडून उभे राहिले. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया लिहावे.

पाऊलवाट :
मुलाला कोणी, कोठून, किती वाजता घ्यायचे, हे आदेशात लिहून घ्यावे. माझ्या लेकीची पहिली भेट न्यायालयाच्याच बालकक्षात झाली. नोंदवहीत सही करून आत गेलो, तर ती चाक निखळलेली मोटार घेऊन दुसऱ्याच मुलाबरोबर खेळत राहिली आणि मी प्लास्टिकच्या छोट्या खुर्चीवर बसून होतो. समुपदेशक बाईंनी घाई करू दिली नाही; बाहेर नेण्याची परवानगी आणि रात्रीचा मुक्काम पुष्कळ नंतर मिळाले.

वकीलताई :
हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 26 खालचा, म्हणजे मुलांच्या ताब्याबाबतचा, आदेश कायमचा नसतो; मूल मोठे झाले किंवा शाळा बदलली, तर बदलासाठी अर्ज करता येतो. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे 1956 चा हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीनता) व पालकत्व कायदा सांगतो, पण त्यातही मुलाचे हित सर्वांत वर आहे. पोटगी थकली म्हणून भेट अडवणारे आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी रोखणारे, असे दोन्ही प्रकारचे पक्षकार माझ्याकडे येतात, आणि मी दोघांनाही सारखीच रागावते.

सातासमुद्रापार :
ताई, मी न्यू जर्सीत आणि मुलगा पुण्यात. मूल ज्याच्याकडे नाही त्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटे तरी बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटले, त्याचा आधार घेऊन आम्ही व्हिडिओ कॉल मागितला. पुण्यातले रात्रीचे आठ म्हणजे इथे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा, आणि नोव्हेंबरात घड्याळ मागे गेले की साडेनऊ, म्हणजे नेमकी ऑफिसची बैठक. वेळ भारतीयच लिहून घ्या. धावपळ मोठ्या माणसाने करावी.

अबोली :
मी त्या वेळापत्रकातली मुलगी. दर दुसऱ्या रविवारी माझी कथ्थकची तालीम बुडत असे, आणि बाबांना तसे सांगितले तर ‘हे आईने शिकवले’ असे ते म्हणतील, या भीतीने मी गप्प राहत असे. कलम 26 मध्ये मुलांच्या इच्छेचाही उल्लेख आहे, हे मला वकिलीच्या पहिल्या वर्षी कळले.

मुक्ता :
अबोली, तालमीचे वाचून लेकाच्या क्रिकेटच्या वेळा आजच विचारून घेतल्या. दिवाळीचे म्हणाल, तर दुरुस्तीच्या अर्जात सम वर्षी लक्ष्मीपूजन वडिलांकडे आणि विषम वर्षी माझ्याकडे, असे मागणार आहे.

पाऊलवाट :
वर्ष इसवी सनाचे की शकाचे, तेही लिहून घ्या!

मुक्ता :
दिवाळीत दोन्हींमधला फरक 78 चा, म्हणजे समच. तेवढा एक वाद वाचला.