बॉम्ब टाकून इराणी लोकांची सुटका होईल?

बाहेरून हल्ला झाला की इराणी जनता उठाव करेल आणि राजवट कोसळेल, असं काहीजण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. २३ जून २०२५ ला इस्रायलने तेहरानच्या एविन तुरुंगावर बॉम्ब टाकले. राजवटीचे कितीतरी विरोधक तिथेच डांबलेले असतात. मेले कोण? कैदी, कर्मचारी, भेटीला आलेले नातेवाईक. शिवाय हेरगिरीच्या संशयावरून राजवटीने देशभर धरपकड केली, ती वेगळीच. १९८० मध्येही इराकच्या सद्दाम हुसेनने इराणवर आक्रमण केलं आणि तिथले तेव्हाचे सर्वोच्च नेते खोमेनी यांची पकड उलट घट्ट झाली. १९५३ साली इराणचे पंतप्रधान मोसादेक यांचं सरकार अमेरिका-ब्रिटनने उलथवलं, तेही तिथे कोणी विसरलेलं नाही. हिजाबवरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर २०२२ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या मुलींना खरंच मदत करायची असेल, तर बंद पाडलेलं इंटरनेट मिळवून द्या, जीव वाचवून पळालेल्यांना आसरा द्या.