गृहपाठाचे १० गुण नक्की कशाचे? (नववी, गणित)

माणदेशी_गणित

नमस्कार. माण तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते. नोकरीचं तिसरं वर्ष. नववी ब माझ्याकडे आहे, पट ५८.

परवा भाग १ च्या वह्या तपासायला घरी आणल्या. वास्तव संख्यांवरची उदाहरणं दिली होती. एक उदाहरण होतं √२७ + √१२. १४ वह्यांमध्ये ते असं सोडवलेलं होतं: ८√३ + २√३ = ५√३. उत्तर बरोबर, पण मधली ओळ बघा. आठ आणि दोन पाच कसे होतील? आधी मला उलगडाच होईना. मग ज्या मुलीची वही वर्गात फिरते तिची वही काढली. वहीत आपण इंग्रजी अंक लिहितो. तिचा घाईतला तीन मिटला की थेट आठ दिसतो. १४ जणांनी तो आठ उतरवला आणि एकालाही खटकलं नाही.

त्याच गठ्ठ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाची वही होती. त्याने √२७ + √१२ = √३९ केलेलं. चूकच आहे. पण खाली पेन्सिलने लिहिलं होतं, "पप्पांच्या मोबाईलवर ८.६६ येतंय, माझं ६.२४ येतंय. कुठं चुकलं?" रात्री साडेदहाला ती ओळ वाचून मी वही मिटून नुसती बसून राहिले. तीन वर्षांत कुणी मला वहीतून प्रश्न विचारला नव्हता.

शाळेत रीत अशी की वही पूर्ण, उत्तरं बरोबर, अक्षर नेटकं, तर ५ पैकी ५. त्या रीतीने उतरवणाऱ्यांना ५ आणि ह्याला २. मी उलट केलं. ह्याला ५ दिले, १४ जणांना २. दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत आले. वरून मलाच सांगण्यात आलं की अंतर्गत गुण कापत जाऊ नका, निकाल खाली येतो.

वर्गाचे माझे नियम जूनमध्येच फळ्यावर लिहून दिलेत. एसटी उशिरा आली तर दारात उभं राहून विचारायचं नाही, आत येऊन बसायचं. चुकलं तर खोडरबर नाही, एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा करायचं. गाइड दप्तरात राहील, बाकावर नाही. हे मुलं पाळतात. अडलंय ते गुणांपाशी. लेखी ८०, अंतर्गत २०, त्यातले १० गृहपाठाचे (भाग १ आणि भाग २ चे ५-५). ते १० मी कशाचे द्यावेत? तुम्ही काय करता ते सांगा.

निवृत्त_भूमिती, कोल्हापूर

ताई, ३१ वर्षं शिकवलं आणि बोर्डाचे पेपरही बरीच वर्षं तपासले. तुम्ही त्या पोराला ५ दिलेत ते योग्यच केलंत.

बोर्डात उत्तराला किती गुण असतात? शेवटच्या ओळीला बहुतेक वेळा अर्धा. बाकीचे सगळे पायऱ्यांना. काटकोन त्रिकोणाच्या बाजू ९ आणि १२ दिल्यात, कर्ण काढायचाय. पोरगं सूत्र लिहितं, किमती घालतं, ८१ + १४४ करतं आणि बेरीज २१५ लिहितं. इथून पुढे त्याचं उत्तर येणारच नाही. तरी सूत्राचे आणि किमती घातल्याचे गुण त्याच्या हक्काचे आहेत, ते कुणी काढून घेत नाही. आणि ज्याने नुसतं "१५" लिहिलं त्याला पूर्ण गुण मिळत नाहीत. मार्चमध्ये जो न्याय लावायचा, तोच जूनपासून वहीला लावा. मुलांना पायरी लिहायची सवय त्यातूनच लागते.

उतरवण्यावर माझा उपाय असा होता. रोज तास सुरू होताना पाच जणांना फळ्यापाशी बोलवायचं. स्वतःच्याच वहीतलं एक उदाहरण, मी बोट ठेवीन ते, वहीत न बघता समजावून सांगायचं. गुण त्या सांगण्याला. वही कुणाचीही बघून लिहिलेली असो, सांगता आलं तर ते त्याचं झालं. ५८ चा पट असेल तर १२ तासांत सगळा वर्ग होतो. पहिला आठवडा मुलं गांगरतात. दुसऱ्या आठवड्यात आदल्या संध्याकाळीच एकमेकांना विचारायला लागतात, "ही ओळ कशी आली रे?"

दहावीची_आई, नाशिक

मी शिक्षिका नाही, पालक आहे. राग मानू नका, पण एक गोष्ट मला पटली नाही. "उतरवलं तर २ गुण" हे तुम्ही आधी सांगितलं होतं का? तुमच्या जूनच्या नियमांत ते दिसत नाही. मुलांना वर्षानुवर्षं वही पूर्ण केल्याचे गुण मिळत आलेत, त्यांनी वही पूर्ण केली. मग एके दिवशी माप बदललं. ते पालक कसे बोलले मला माहीत नाही, पण मीसुद्धा आले असते.

माझी मुलगी का उतरवते ते सांगते. तिला येत नाही म्हणून नाही. शाळा सुटली की क्लास, क्लासचा वेगळा गृहपाठ, घरी यायला आठ. जेवण झाल्यावर शाळेची वही उघडते. आणि पानावर लाल फुली येण्याची तिला फार भीती वाटते. सातवीत एकदा तिची वही वर्गासमोर उंच धरून दाखवली होती. तेव्हापासून चुकीचं उत्तर वहीत ठेवायचंच नाही असं तिने ठरवलंय. मैत्रिणीचं बघून लिहिलं की फुली येत नाही.

त्या मुलाने "कुठं चुकलं?" असं लिहिलं, कारण त्याला तुमची भीती वाटत नाही. बाकीच्यांना अजून वाटत असेल.

आष्टीकर

मॅडम, आमच्याकडचं वेगळं दुखणं सांगतो. बीड जिल्हा. दिवाळीच्या आसपास निम्मी घरं ऊसतोडीला कारखान्यावर जातात ती मार्च-एप्रिलला परत येतात. काही मुलं आजीजवळ राहतात, काहींना जावंच लागतं. नववीच्या मुलीवर तर धाकट्या भावंडाला सांभाळायचं काम असतं. कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, कंदिलाखाली कसला गृहपाठ करणार ती? पूर्वी मी रिकाम्या वहीला शून्य देत होतो. ते शून्य त्या मुलीला नव्हतं, तिच्या घरच्या परिस्थितीला होतं. हे कळायला मला चार वर्षं लागली आणि त्या चार वर्षांतल्या दोघी शाळा सोडून गेल्या.

आता मी गृहपाठ घरी देतच नाही म्हटलं तरी चालेल. तासाची शेवटची १० मिनिटं राखून ठेवतो. दोन उदाहरणं, प्रत्येकाने आपापली, बोलायचं नाही, मी बाकांमधून फिरतो. तीच गृहपाठाची वही. अडलं तिथे पेन्सिलने गोल करायचा. गोल केलेल्या पानाचे गुण मी कधीच कापत नाही. परत आलेल्या मुलांना उरलेल्या दिवसांत जेवढं झालं तेवढ्यावरच गुण, मागचं मागत नाही.

निकालाचं म्हणाल, तर ते वरचे लोक बोलतात त्यात तथ्य आहे, टाळून चालणार नाही. पास व्हायला १०० पैकी ३५. अंतर्गतचे १८ हातात असले की लेखीत ८० पैकी १७ पुरतात. काठावरच्या पोरासाठी ते १८ म्हणजे आयटीआयचा प्रवेश असतो. म्हणून गुण कापून शिस्त लावायला माझा विरोध आहे. गुण मिळवायची वाट बदला, ती सगळ्यांना चालता येईल अशी ठेवा.

ठाणे_सीबीएसई

आमच्याकडेही अंतर्गत २० च, पण चार भागांत ५-५: चाचण्या, इतर मूल्यमापन, पोर्टफोलिओ आणि प्रयोगशाळेतले उपक्रम. पोर्टफोलिओत मी दर महिन्याला एक पान मागते, "माझी चूक आणि ती कशी सापडली". तुमच्या त्या मुलाचं पान आयतंच तयार आहे. त्याची परवानगी घेऊन, नाव झाकून, वर्गात वाचून दाखवा.

माणदेशी_गणित

सगळ्यांचे आभार. नाशिकच्या ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, पण तुमचं म्हणणं खरं आहे. मी आधी सांगितलं नव्हतं. आज वर्गात तसं बोलले आणि १४ जणांचे गुण परत दिले. पुढच्या सोमवारपासूनचं माप फळ्यावर लिहिलं: ५ पैकी २ वहीतल्या स्वतःच्या पायऱ्यांना, उत्तर चुकलं तरी. ३ फळ्यापाशी सांगण्याला, आणि नाही जमलं तर आठवड्याभरात पुन्हा यायचं, कितीही वेळा. आष्टीकर सरांची १० मिनिटंही घेणार आहे, कारण एसटीने येणाऱ्या ११ मुलांना घरी पोचायला सात वाजतात.

√३९ वाल्याला विचारलं, वाचून दाखवू का? म्हणाला, "नाव झाकू नका मॅडम, मीच सांगतो." त्याने फळ्यावर आधी √९ + √१६ लिहिलं. तीन आणि चार सात. मग √२५ लिहिलं, पाच. थोडा वेळ नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मुळाच्या आतलं असं डायरेक मिळवता येत नाही." हे उदाहरण मी दिलेलं नव्हतं, घरून शोधून आला होता.

तास संपल्यावर ती वही फिरणारी मुलगी थांबली. तिला वाटलं होतं मी तिलाच रागावणार. "मॅडम, मी आता कुणाला वही द्यायची नाही का?" मी म्हटलं, दे, पण बरोबर बसून सांग. आणि तीन जरा उघडा काढ.