लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेत रक्त गाळणं 'लागल्यास' कसं काय?

खारेपाटणकर (धागाकर्ता)
मी सिंधुदुर्गात बालरोगतज्ज्ञ आहे. बाळाच्या हृदयात छिद्र किंवा आणखी काही गुंता निघाला की आमच्याकडचे आईबाप मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळी गाठतात, आणि तिथून खर्चाचे कागद मला पाठवतात. परवा एका कागदावर वाचलं: 'हिमोफिल्टर – लागल्यास वेगळा आकार.' म्हणजे रक्त गाळायच्या फिल्टरचे पैसे वेगळे. कुठल्या रुग्णालयाचा ते सोडा.

दहा किलोच्या आतलं मूल हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) घेताय, तर रक्त गाळणं 'लागल्यास' कसं? तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम २५० मिली. मशीनच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर (रक्तात प्राणवायू मिसळणारा भाग) भरायलाच जवळपास तेवढा द्रव लागतो, जुन्या संचांत त्याच्या दुप्पट-तिप्पट. सोलकढीत तांब्याभर पाणी ओतावं तसं बाळाचं रक्त पातळ होतं. त्यात प्लास्टिकला लागून दाहक द्रव्यं उसळतात, केशवाहिन्या गळू लागतात आणि बाळ सुजून बाहेर येतं. फुप्फुसांत पाणी, हृदयाला सूज. कधीकधी छाती लगेच बंदही करता येत नाही.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात मार्टिन एलियट आणि सहकाऱ्यांनी यावर काढलेला मार्ग १९९१ साली प्रसिद्ध झाला. मशीन थांबल्यावर, नळ्या काढण्याआधी, दहा-पंधरा मिनिटं महाधमनीतून रक्त घ्यायचं आणि फिल्टरमधून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात (कर्णिकेत) परत सोडायचं. पाणी आणि बारीक रेणू बाहेर, पेशी आणि अल्ब्युमिनसारखी प्रथिनं आत. हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतो, रक्तदाब सुधारतो. माझ्या मते हा ऑपरेशनचाच भाग आहे आणि तो पॅकेजमध्येच हवा.

देवगडचा पंपवाला
डॉक्टर, मी परफ्युजनिस्ट आहे, मशीन मीच चालवतो, म्हणून थोडं कडक बोलतो. तुम्ही सगळं गाळणं एकाच मापात धरलंत. बायपास चालू असतानाच, म्हणजे बाळ मशीनवर असतानाच, जादा पाणी काढणं ही एक गोष्ट. जितकं काढलं तितकाच संतुलित द्रव परत घालत रक्त धुणं ही दुसरी. बाळाला दिलेल्या साठवणीच्या रक्तातलं जास्तीचं पोटॅशियम त्यात उतरतं. तुम्ही लिहिलंत ते तिसरं, ज्याला आम्ही ओटीत 'मफ' (मॉडिफाइड अल्ट्राफिल्ट्रेशन) म्हणतो. पहिल्या दोन्हींवर माझं काही म्हणणं नाही, आम्ही ती करतोच. भांडण तिसऱ्याचं.

ती पंधरा मिनिटं फुकट मिळत नाहीत. रक्त गोठू न देणारं हेपरिन अंगात, त्याचा उतारा प्रोटामिन अजून द्यायचंय, आणि सर्जन टाक्यांतून झिरपणारं रक्त बघत उभा. बाहेरच्या नळीत फिरताना बाळ थंड पडतं. माझा वेग जरा वाढला तर मेंदूकडे जायचं रक्त माझ्याकडे ओढलं जातं. कॅन्युलाच्या (रक्तवाहिनीत घातलेल्या नळीच्या) कडेने हवा शिरण्याची भीती वेगळीच. १९९१ मधले संच मोठे होते, काढायला पाणीही भरपूर असायचं. आता पंप टेबलाजवळ आणून, नळ्या आखूड आणि बारीक करून प्राइम (मशीन भरायचा द्रव) दोनशे मिलीच्या आसपास आणता येतो. मुळात ओतलंच कमी, तर काढायचं काय?

खारेपाटणकर
दोनशे मिली म्हणजे त्याच तीन किलोच्या बाळाच्या रक्ताच्या ऐंशी टक्के. याला कमी म्हणायचं? शिवाय तो छोटा संच प्रत्येक ठिकाणी असतो असं तुम्ही छातीठोकपणे सांगाल का?

देवगडचा पंपवाला
नाही सांगणार. पण मग भांडा छोट्या संचासाठी. आधी पाणी ओतायचं आणि मग काढल्याची पाठ थोपटून घ्यायची, हे मला पटत नाही.

संकासुर
मी दोघांच्याही विरोधात. हिमॅटोक्रिट चढला, दाब सुधारला, मान्य. मॉनिटर छान दिसतो. पण व्हेंटिलेटरवरचे दिवस, आयसीयूतले दिवस? यादृच्छिक चाचण्या (चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या) एकत्र करून पाहिल्या, तर मफ आणि नुसतं बायपासदरम्यानचं गाळणं यांत तिथे ठोस फरक निघत नाही.

आणि 'दाह उतरवला की बाळ सुधारलं' हे गृहीतक तरी कुठे पक्कं आहे? स्टेरॉइडबद्दलही असंच वाटायचं. अमेरिकेतल्या २४ केंद्रांत सुमारे १२०० अर्भकांवर स्ट्रेस नावाची चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला, आणि मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा निर्णायक फायदा काही दिसला नाही.

खारेपाटणकर
स्टेरॉइड पाणी काढत नाही हो. मी सूज आणि पातळ रक्त म्हणतोय, तुम्ही दाहावर नेताय. बाहेरचं रक्त थोडं कमी चढवावं लागलं तरी तो फायदाच आहे. गावाकडून आलेला बाप मुंबईत रक्तदाते गोळा करत कसा फिरतो ते मी ऐकलंय.

दाभोळ खाडी
तुम्ही पंधरा मिनिटांवर भांडताय, इथे पोरं महिनोन् महिने 'छातीत कफ' म्हणून औषधं खातात. जन्मल्यावर उजव्या हाताला आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर लावला तर हृदयदोषामुळे प्राणवायू कमी पडणारी कितीतरी निळी बाळं घरी जाण्याआधी सापडतील. आधी ते करा.

खारेपाटणकर
शंभर टक्के. वेगळा धागा काढा, मी येतो.

वेंगुर्ल्याची बाय
तुमची गजाल बरी चलली हा, पण माका एक सांगा. आमच्यासारख्या माणसान कागदार 'हिमोफिल्टर, लागल्यास' वाचला तर काय समजाचा? आमका वाटतला, पैसे नाय दिले तर पोराचा रगत गाळुचे नाय. ऑपरेशनाक नेताना कोण विचारीत बसतलो?

देवगडचा पंपवाला
बाय, बिलाच्या बाबतीत मी डॉक्टरांच्या बाजूने. लहान बाळाच्या सर्किटमध्ये फिल्टर जोडलेला असावा आणि त्याचा खर्च धरलेला असावा. त्याचं ओझं आईबापावर नको. पण 'मफ केलंच पाहिजे' असं पॅकेजमध्ये घातलं, की उद्या फाइल तपासणारा विचारणार, केलं का? मग ज्या बाळाचा दाब डळमळतोय त्यालाही कागदासाठी पंधरा मिनिटं फिल्टरवर धरायचं? चालवायचा की नाही ते टेबलावरच ठरू दे.

खारेपाटणकर
एवढं मला चालेल. फिल्टर सक्तीचा, मफ टीमवर. फक्त न केल्याचं कारण नोंदीत लिहा. नाहीतर 'टेबलावर ठरलं' याच्याआड वेळेची घाईसुद्धा लपते.

संकासुर
कारण लिहिणार 'गरज वाटली नाही'. झालं काम.

वेंगुर्ल्याची बाय
मगे आमी विचारुचा काय, तां तरी सांगा.

देवगडचा पंपवाला
इतकंच विचारा: आमच्या बाळाच्या वजनाला मशीन भरायला किती मिली लागणार, बाहेरचं रक्त किती लागेल, आणि जादा पाणी कसं काढणार. सर्जनना घाई असेल तर परफ्युजनिस्टला पाच मिनिटं बोलवा म्हणावं. आमच्याकडे कोणी नातेवाईक येतच नाही, आम्ही खुशीने सांगू.