मलावीतील मुले शाळा अर्ध्यावर का सोडतात?

प्रश्न: आफ्रिकेतील मलावी या देशात १९९४ पासून प्राथमिक शिक्षण निःशुल्क आहे. तरीही असंख्य मुले आठवी इयत्तेपर्यंत पोहोचत नाहीत, यामागची कारणे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १: शुल्क गेले, पण भूक राहिली. तेथील मुख्य अन्न मका असून त्याची कापणी एप्रिल-मेच्या सुमारास होते. साठा संपल्यावर डिसेंबर ते मार्च हे महिने अनेक कुटुंबे एका जेवणावर काढतात, आणि उपाशी मूल कित्येक किलोमीटर चालत शाळेत जाणार तरी कसे? २०१५-१६ च्या पाहणीत पाच वर्षांखालील ३७ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली होती.

उत्तर २: यात तंबाखूचीही भर घालावी लागेल. शेतमालकाच्या जमिनीवर राबणाऱ्या कुटुंबातील मुलेही पाने खुडतात. ओल्या पानांतील निकोटीन त्वचेतून शरीरात शिरते आणि मळमळ, उलट्या, चक्कर सुरू होते. अमेरिकेने २०१९ मध्ये बालमजुरी व सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून तेथील तंबाखू रोखली. मात्र कुटुंबाला पुरेसा मोबदला मिळाल्याशिवाय मुले शेतातून सुटणार नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. मुलींची परिस्थिती वेगळी आहे का?

उत्तर १: होय. विवाहाचे वय १८ करणारी घटनादुरुस्ती २०१७ मध्ये झाली. तरीही दुष्काळात किंवा २०२३ च्या फ्रेडी चक्रीवादळासारख्या संकटानंतर, घरातील एक खाणारे तोंड कमी व्हावे म्हणून मुलीचे लग्न लावले जाते.